व्हिक्टोरिया पुलापर्यंत सायकलने: पेराकच्या काम्पुंगमधून गटाने एक दिवस कसा काढावा

मलेशियाला गेलेला मराठी पर्यटक क्वालालंपूरचे जुळे मनोरे बघतो, गेंटिंगला जातो, फार तर लंकावी करतो आणि परततो. या सगळ्यात पेराक राज्यातला पेराक नदीचा काठ आणि तिथले काम्पुंग, म्हणजे खेडी, राहून जातात. तिथे क्वाला कांग्सार नावाचं छोटं राजेशाही गाव आहे. पेराकच्या सुलतानाची गादी इथलीच. गावापासून नदीच्या वरच्या अंगाला काराईजवळ व्हिक्टोरिया पूल उभा आहे. डिसेंबर १८९७ ते मार्च १९०० या काळात पेराक गव्हर्नमेंट रेल्वेने तो बांधला. विटांच्या खांबांवर बसवलेला, लोखंडी कैच्यांचा हा एकेरी मार्गाचा रेल्वे पूल सुमारे साडेतीनशे मीटर लांब आहे. २००२ साली शेजारी काँक्रीटचा नवा पूल झाला आणि गाड्या तिकडून जाऊ लागल्या. जुना पूल पाडला मात्र नाही. बाजूच्या अरुंद वाटेवरून माणसं आणि मोटारसायकली जात राहिल्या, त्यामुळे सायकलवाल्यांचीही सोय झाली.

क्वालालंपूर किंवा सिंगापूरला राहणाऱ्या मराठी मंडळींना ही सहल शनिवार-रविवारात बसते. भारतातून येणाऱ्यांनी पेराकची राजधानी इपोह इथला मुक्काम धरून त्यात एक दिवस घालावा. खाली जे लिहितो आहे ते आठ-दहा जणांचा, वेगवेगळ्या दमाचा गट डोळ्यांसमोर ठेवून. रोज शंभर किलोमीटर मारणाऱ्यांना यातलं बरंचसं अनावश्यक वाटेल. त्यांनी खाण्याचा भाग तेवढा वाचावा.

आधी कॅलेंडर बघा

आपल्याकडे सुट्ट्या मिळतात मे महिन्यात आणि दिवाळीत. पेराकमध्ये नेमके हेच दोन काळ दुपारच्या गडगडाटी पावसाचे. एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये वारे दिशा बदलतात. सकाळ लख्ख असते, बाराच्या सुमारास डोंगरावर ढग चढू लागतात आणि दोन-तीन वाजता धो धो सुरू होतं. म्हणून या दिवसांत जाऊच नये असं नाही, पण दुपारी एकच्या आत सायकली आवरायच्याच हे पक्कं ठरवून जावं. विजा चमकत असताना नदीवरच्या लोखंडी पुलावर उभं राहण्यात काही मर्दुमकी नाही. जमत असेल तर जानेवारी-फेब्रुवारी किंवा जून-जुलै निवडा. जून-जुलैत रस्त्याकडेला ड्युरियनच्या राशी लागलेल्या असतात, तो वेगळाच कार्यक्रम. फक्त ते फळ हॉटेलच्या खोलीत नेऊ नका, बहुतेक ठिकाणी सक्त मनाई असते. ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये एखाद्या वर्षी सुमात्रातल्या आगींचा धूर इथवर येतो. निघण्यापूर्वी हवेचा निर्देशांक बघून घ्या.

रमजानची तारीख दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडे सरकते. त्या महिन्यात काम्पुंगमधल्या टपऱ्या दिवसा बंद असतात. त्यांच्यासमोर उभं राहून बाटली तोंडाला लावणंही बरं दिसत नाही. तो महिना टाळलेला चांगला. शुक्रवारी दुपारी साडेबारा ते पावणेतीनच्या दरम्यान गाव नमाजात असतं, दुकानं बंद होतात आणि मशिदीबाहेरचे रस्ते गाड्यांनी भरतात. सर्वांत सोयीचा दिवस शनिवार.

आता घड्याळाचं. उन्हाच्या आत निघायचं म्हणून सहाला कूच करण्याची आपली सवय इथे कामाची नाही. मलेशियाचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे आणि सूर्य सात-सव्वासातच्या आसपास उगवतो. सहाला मिट्ट काळोख असतो. साडेसहाला चहा, सव्वासातला पहिलं पेडल असं ठरवा. त्यामुळे सव्वासात ते साडेदहा एवढीच खरी थंड वेळ हाती राहते. साडेदहानंतर ऊन तर असतंच, पण त्याहून हवेतला दमटपणा जास्त दमवतो. मुंबई-कोकणातल्या माणसाला तो ओळखीचा वाटेल, पुणेकराला जड जाईल.

गट कसा बांधावा

आठ ते दहा माणसं पुरेत. बारावर संख्या गेली तर दोन गट करा आणि दोघांत पंधरा मिनिटांचं अंतर ठेवा. काम्पुंगचे रस्ते एका मोटारीपुरते असतात. वीस सायकलींची रांग आली की समोरून येणाऱ्या आजोबांना स्कूटर गवतात घालावी लागते.

सर्वांत पुढे रस्ता माहीत असलेला एक जण असावा आणि त्याला मागे टाकून कोणी जायचं नाही. सर्वांत शेवटी पंक्चर काढता येणारा, धीराचा माणूस ठेवा. गटातला सगळ्यात फिट माणूस पुढे नको, शेवटी हवा, कारण मागे राहिलेल्याला गाठून परत आणायचं काम त्याचंच. प्रत्येक वळणावर पुढच्याने थांबायचं, मागचा दिसला की मगच वळायचं. हे कंटाळवाणं वाटतं, पण काम्पुंगच्या फाट्यांवर पाट्या कमी आणि एकसारखी घरं जास्त. एक जण चुकला की अर्धा तास गेलाच म्हणून समजा.

वेग ठरवताना सरासरी काढत बसू नका. जो सगळ्यात हळू आहे त्याच्या वेगाने ताशी किती होतात ते आदल्या आठवड्यात घराजवळच्या फेरीत बघून घ्या आणि बेत त्यावर आखा. नवशिक्या गटाचा वेग थांबे धरून ताशी आठ-दहा किलोमीटर निघतो. त्या हिशेबाने एकूण ३० किलोमीटरच्या आतला बेत ठेवा. गावापासून पूल तसा जवळच आहे. वेळ जातो तो वाटेत थांबण्यात, आणि तो तसा जावा म्हणूनच तर इथे यायचं.

पोचणं आणि सायकली मिळवणं

क्वालालंपूरहून इटीएस ही विजेवरची गाडी इपोहमार्गे क्वाला कांग्सारला येते. रूळ मीटरगेज आहेत. अकोला-खंडवा मार्गावर ज्यांनी मीटरगेजच्या गाडीतून प्रवास केला असेल त्यांना त्याच रुंदीच्या रुळांवर ताशी १४० किलोमीटरने गाडी पळताना बघून नवल वाटेल. शनिवारची तिकिटं लवकर संपतात. जाण्या-येण्याची दोन्ही एकदमच काढा आणि परतीची गाडी संध्याकाळची घ्या. दुपारच्या गाडीच्या धाकाने सगळा दिवस घाईत जातो.

पूर्ण आकाराची सायकल गाडीत चढवू देतील असं गृहीत धरू नका. घडीची सायकल पिशवीत घालून नेता येते का, किती मापापर्यंत, हे तिकीट काढण्याआधीच स्टेशनवर विचारून घ्या. गटासाठी सोपा मार्ग वेगळा आहे. माणसं रेल्वेने आणि सायकली भाड्याच्या छोट्या ट्रकमध्ये. हाच ट्रक दिवसभर ठेवला तर थकलेल्याला उचलून आणायची सोय होते. भाड्याच्या सायकली हव्या असतील तर इपोहमध्ये चौकशी करा आणि आदल्या संध्याकाळी प्रत्येक सायकल स्वतः चालवून बघा. ब्रेक दाबून, गिअर सगळे फिरवून, सीट आपल्या उंचीला लावून. सकाळी सात वाजता सीटचा बोल्ट गंजलेला निघाला तर दहा माणसं उभी राहतात.

भारतातून स्वतःची सायकल आणणाऱ्यांसाठी थोडक्यात: खोक्यात भरताना पेडल काढा. डावं पेडल उलट्या आट्यांचं असतं, जोर लावण्याआधी दिशा तपासा. मागचा गिअर बदलणारा भाग सोडवून बबल रॅपमध्ये आत बांधा, तो वाकला तर सहल संपली. चाकांमधली हवा कमी करा. गॅसच्या नळकांड्यांवर चालणारा पंप घरी ठेवा, हातपंप आणा. भारतीय पासपोर्टधारकांना डिसेंबर २०२३ पासून ३० दिवसांपर्यंत व्हिसाशिवाय प्रवेश मिळतो आहे. ही सवलत ठरावीक मुदतीची असल्याने तिकिटाआधी ताजी स्थिती बघा. आगमनाचा डिजिटल फॉर्म पोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत भरावा लागतो.

बरोबर काय घ्यायचं

गटाकडे मिळून: दोन पंप, टायर उचलायचे प्लास्टिकचे चमचे, प्रत्येक मापाच्या दोन ट्यूब, पॅच, चेन तोडायचं हत्यार आणि जोडकडी, षटकोनी किल्ल्यांचा संच, ब्रेकची एक वायर. ट्यूबचं प्रमाण जास्त वाटेल, पण कारण आहे. पाम तेलाच्या मळ्यांतून जाणाऱ्या रस्त्यांवर छाटलेल्या झावळ्या पडलेल्या असतात आणि त्यांच्या देठाला राठ काटे असतात. काटा टायरमध्ये मोडतो, वरून दिसत नाही. नवीन ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून बोट नाही, फडकं फिरवा. काटा फडक्याला अडकतो. रस्त्याच्या सायकलचे बारीक टायर इथे नकोत, ३५ मिलिमीटरच्या पुढचे घ्या.

प्रत्येकाकडे: हेल्मेट, मागचा लाल दिवा, दोन बाटल्या. एका बाटलीत साधं पाणी, दुसरीत ओआरएस. छोट्या नोटांतले रिंगिट, कारण काम्पुंगमधल्या टपरीवर पन्नासाची नोट पुढे केली की माक चिक, म्हणजे टपरीवाली मावशी, शेजारच्या घरी सुट्टे आणायला जाते. पातळ रेनकोट. आणि एक सैल पँट किंवा लुंगी. हे शेवटचं विसरू नका. घट्ट सायकलिंगच्या चड्डीत मशिदीच्या आवारात किंवा कुणाच्या ओसरीवर जाणं बरं नव्हे. शिवाय काम्पुंगमध्ये रंगीबेरंगी घट्ट कपड्यांतली दहा माणसं उतरली की लोक बोलायचे थांबतात. साधा पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट घाला, उन्हालाही तोच चांगला.

ब्लूटूथचा स्पीकर घरी ठेवा. का, ते सांगत नाही.

सकाळ: गावात

सुरुवात स्टेशनपासून करा किंवा उबुदिया मशिदीपासून. सोनेरी घुमटांची ही मशीद १९१३ ते १९१७ या काळात बांधली गेली. मंजूर केली ती सुलतान इद्रिस यांनी, आजारातून बरं झाल्याचा नवस म्हणून. वास्तुरचनाकार आर्थर बेनिसन हबॅक. क्वालालंपूर आणि इपोहची जुनी रेल्वे स्थानकंही त्याचीच, म्हणजे रेल्वेने आलात तर हबॅकची सोबत आधीपासून आहेच. बांधकाम रखडलं त्याची एक गोष्ट इथे सांगतात. राजघराण्यातले दोन हत्ती एकमेकांशी झुंजत बांधकामात शिरले आणि इटलीहून आणलेल्या संगमरवरी फरशा फोडून गेले. नव्या मागवल्या तर पहिलं महायुद्ध सुरू झालं.

जवळच इस्ताना कनांगान. मोठा राजवाडा बांधून होईपर्यंत सुलतानाच्या राहण्यासाठी १९२६ साली केलेला हा लाकडी वाडा. त्यात एकही खिळा नाही आणि भिंती विणलेल्या बांबूच्या. पिवळा, पांढरा, काळा अशा चौकड्या लांबूनही दिसतात. आत जाता आलं नाही तरी सायकल कुंपणाला टेकवून पाच मिनिटं विणकाम बघा. सरकारी कचेरीजवळ रबराचं एक जुनं झाड आहे. १८७७ साली सिंगापूरहून आलेली रबराची नऊ रोपं इथे लावली गेली. इंग्रज रेसिडेंट ह्यू लो याच्या काळातली ही गोष्ट. त्यातलं हे एक उरलं म्हणतात. पुढे याच रबराने देशाचा चेहरा बदलला आणि मळ्यांत राबायला तमिळ मजुरांच्या पिढ्या आल्या. थोड्याच वेळात तुम्ही रबराच्या मळ्यांतून सायकल चालवणार आहात, म्हणून हे झाड बघून निघणं बरं.

एवढं सगळं आठच्या आत उरका. गावात रमलात तर पुलावर ऊन गाठतं.

नदीपलीकडे: सायोंग

नदी ओलांडली की सायोंगच्या वाड्या सुरू होतात. इथवर यायला मोठ्या रस्त्याचा तुकडा लागतो आणि दिवसातली सर्वांत धोक्याची दहा मिनिटं तीच. लॉऱ्या वेगात असतात. वाहतूक आपल्यासारखीच डावीकडून, पण रस्त्याच्या कडेला लोंगकांग म्हणजे उघडं खोल काँक्रीटचं गटार असतं. लॉरीला जागा द्यायला कडेला सरकलात तर चाक सरळ त्यात. म्हणून एकेरी रांग, कडेपासून हातभर आत आणि चौकाआधी सगळ्यांनी एकत्र जमून मग ओलांडणं. मोबाइलमधला नकाशा कधी कधी उत्तर-दक्षिण एक्स्प्रेसवे सुचवतो. त्यावर सायकलला बंदी आहे.

मोठा रस्ता सोडला की आवाज बंद होतो. खांबांवर उभी लाकडी घरं, खाली सावलीत उभी मोटार, रंबुतानचं झाड, कोंबड्या. छोट्या स्कूटर, ज्यांना इथे कापचाय म्हणतात, त्या मागून कधी येतात कळत नाही. त्यावर शाळेतली मुलं असतात, हेल्मेट असतंच असं नाही. रस्त्यावरचे गतिरोधक रंग उडालेले असतात. पुढच्याने हात वर करून मागच्यांना सांगत जावं.

सायोंग ओळखलं जातं लाबू सायोंगमुळे. ही पाण्याची काळी मातीची सुरई, पण आकार भोपळ्याचा. काळा रंग वरून लावलेला नसतो. भट्टीतून काढलेलं तापलेलं भांडं भाताच्या तुसात पुरतात, तूस धुमसतं आणि धूर मातीत मुरतो. काही घरांच्या अंगणात हे काम चालतं. विचारलं तर दाखवतात. बघताना एक लक्षात येईल: आज बरीच भांडी साच्यात ओतून होतात, आणि हाताने घडवलेलं वेगळं ठेवलेलं असतं. दोन्ही उचलून बघा. हाताच्या भांड्याची जाडी गळ्याशी आणि पोटाशी सारखी नसते. घ्यायचंच असेल तर वीतभर उंचीचं घ्या आणि ट्रकमध्ये ठेवा. पाठीवरच्या पिशवीत घातलेलं भांडं घरी पोचेपर्यंत शाबूत राहत नाही.

पुढे रबराचे पट्टे लागतात. चीक सकाळी लवकर काढतात आणि रात्री पाऊस झाला असेल तर त्या दिवशी काम बंद, कारण सालीवरून वाहणारं पाणी चीक धुऊन नेतं. कोरडी सकाळ असेल तर खोडावरच्या तिरक्या खाचेतून पांढरा थेंब वाटीत पडताना दिसेल. वास मात्र थेंबाला नाही. वाटीत गोठलेल्या रबराचे गोळे पोत्यात भरून रस्त्याकडेला ठेवतात, त्यांचा वास नाकातून दुपारपर्यंत जात नाही. वाट्यांना हात लावू नका, ते कुणाचं तरी रोजचं उत्पन्न आहे.

खाणं, विशेषतः शाकाहाऱ्यांनी

पहिली न्याहारी साडेआठ-नऊला. टपरीवर केळीच्या पानात किंवा कागदात बांधलेला नासी लमाक मिळतो: नारळाच्या दुधातला भात, काकडी, शेंगदाणे, अंडं आणि सांबल म्हणजे मिरचीची तिखट चटणी. शाकाहाऱ्यांची गोची इथेच होते. वर सुके इकान बिलिस मासे दिसतात ते बाजूला काढता येतील, पण सांबलमध्ये बलाचान म्हणजे सुकटीचा गोळा असतोच आणि तो दिसत नाही. नुसतं “मांस नको” म्हणून भागत नाही. “ताक माहू दागिंग, आयाम, इकान, ऊदांग, बलाचान” अशी पूर्ण यादी म्हणा, म्हणजे मटण-गोमांस, कोंबडी, मासे, कोळंबी आणि सुकट काहीच नको. तरीही कडक शाकाहारी असाल तर काम्पुंगमध्ये तळलेल्या गोड पदार्थांवर भिस्त ठेवा आणि जेवण गावात परतल्यावर तमिळ खानावळीत करा. तिथे तोसाई म्हणजे डोसा, केळीच्या पानावरचा भात, सगळं मिळतं. रोती चनायबरोबरच्या डाळीत काय आहे तेही एकदा विचारा.

गोड पदार्थांना कुईह म्हणतात. पिसांग गोरेंग म्हणजे केळ्याची भजी गरम असेल तेव्हाच घ्या. उबी कायूचे प्रकार जरूर खा. हाच तो कंद ज्याच्यापासून आपला साबुदाणा होतो, त्यामुळे उपवास करणाऱ्यांची सोय इथे अनपेक्षितपणे होते. तेल कोणतं आणि मीठ कुठलं ते ज्याचं त्याने ठरवावं.

चहा मागितला तर साखरेचं घट्ट दूध घातलेला येतो. “कुरांग मानिस” म्हटलं की गोड कमी. साधं पाणी “आयर कोसोंग”. शहाळं मिळालं तर दोन प्या. दर अर्ध्या तासाने तहान लागो न लागो, दोन घोट प्यायचे. पुढच्याने घड्याळ बघून आवाज द्यावा. कोणाला घाम यायचा थांबला, अंगावर काटा आला किंवा तो उगाच गप्प झाला तर तिथेच सावलीत बसवा, मानेवर पाणी ओता आणि ट्रक बोलवा. त्या दिवसापुरतं त्याचं सायकल चालवणं संपलं. त्याच्याशी वाद घालू नका, तो “मी ठीक आहे” असंच म्हणेल. तरी उतार पडला नाही, बोलणं असंबद्ध झालं तर ९९९ लावा.

पूल

साडेनऊ-दहाच्या सुमाराला काराईला पोचा. “जंबातान व्हिक्टोरिया?” एवढं विचारलं तरी कोणीही हात करून दाखवतं. आधी पुलावर चढू नका. सायकली एका बाजूला लावा, कुलूप घाला आणि नदीच्या काठावरून पूल बाजूने बघा. विटांचे खांब जवळून बघण्यासारखे आहेत. सव्वाशे वर्षं पेराक नदीचे पूर त्यांच्यावर आपटत आले आहेत.

पूल इथे का, याचं उत्तर कथिलात आहे. मलायातली पहिली रेल्वे १ जून १८८५ ला ताइपिंगपासून पोर्ट वेल्ड बंदरापर्यंत धावली, ती लारूतच्या खाणींतलं कथिल समुद्राकडे न्यायला. पलीकडे इपोहच्या किंता खोऱ्यात खाणी आणखी मोठ्या. दोन्ही प्रदेशांच्या मध्ये पेराक नदी. ती ओलांडल्याशिवाय एकसंध मार्ग होणं शक्य नव्हतं. हा पूल झाला आणि काही वर्षांतच पेनांगसमोरच्या प्राईपासून दक्षिणेला सेरेंबानपर्यंत सलग रूळ जोडले गेले.

आता पुलावरून जायचं कसं. वाट अरुंद आहे आणि समोरून मोटारसायकली येतात. त्यांच्यासाठी हा रोजचा रस्ता आहे, आपल्यासाठी सहल. म्हणून सायकलवरून उतरा, सायकल कठड्याच्या बाजूला आणि आपण आतल्या बाजूला अशा रीतीने हातात धरून चाला, तीन-तीनच्या तुकड्यांनी. मोटारसायकल आली की थांबून अंग चोरा, आणि चालवणारा हसून मान हलवेल तेव्हा तुम्हीही हलवा. कोणाच्या पुढून किंवा दोघांच्या मधून जावं लागलं तर “तुम्पांग लालू” म्हणतात, म्हणजे जरा जाऊ द्या. गटाचा फोटो पुलाच्या मधोमध आडवं उभं राहून काढू नका. काठावर उतरून पूल मागे घेऊन काढलात तर पूलही दिसेल आणि वाटही मोकळी राहील.

थोडा वेळ थांबलात तर शेजारच्या नव्या पुलावरून इटीएस जाते. जुन्या पुलाच्या कैच्यांमधून ती बघायची मजा वेगळी आहे: तिचा आवाज फारसा होत नाही, पण हाताखालचा लोखंडी कठडा बारीक थरथरतो. ड्रोन मात्र उडवू नका, नव्या मार्गावर उच्च दाबाच्या विजेच्या तारा आहेत. आणि नव्या पुलावर, रुळांवर जाण्याचा विचारही नको.

खाली वाळूचा पट्टा बघून मुलांना पाण्यात उतरावंसं वाटेल. नदीवर वरच्या अंगाला चेंदेरोहचं धरण आहे, १९३० च्या सुमाराचं. तिथून पाणी सोडलं की खालची पातळी वाढते. पाय भिजवण्यापलीकडे काही करू नका, आणि मुलं असतील तर तेही मोठ्या माणसाचा हात धरून.

गावातलं वागणं

पुलाइतकंच हे महत्त्वाचं, पण फार अवघड नाही. वयस्कर पुरुषाला पाक चिक, बाईला माक चिक म्हणा. सकाळी “सलामत पागी”, निघताना “तेरिमा कासिह”. देताना-घेताना उजवा हात वापरा, हे आपल्यालाही शिकवावं लागत नाही. बोट दाखवायचं तर तर्जनीने नाही, मूठ करून अंगठ्याने. घरात बोलावलं तर बूट पायरीखाली. बायकांशी हस्तांदोलनासाठी पुरुषांनी स्वतःहून हात पुढे करू नये, हात छातीशी नेऊन मान झुकवली की पुरे. मुलांचे फोटो आईला विचारल्याशिवाय नाही. कुणाच्या अंगणातलं फळ खाली पडलेलं असलं तरी ते मालकाचं. विचारलंत तर बहुधा पिशवी भरून देतील आणि पैसे घेणार नाहीत. म्हणून गटाने घरून थोडा खाऊ न्यावा. चिवडा किंवा चिक्की चालते. पाकिटावर घटक पदार्थ इंग्रजीत छापलेले असावेत, म्हणजे हलाल आहे की नाही याबद्दल समोरच्याला संकोच वाटत नाही.

शौचालयाची सोय सुरावात, म्हणजे छोट्या प्रार्थनाघराशेजारी, असते. कुणी असेल तर परवानगी घ्या. “तांदास” विचारलं की दाखवतात. जागा ओली करून जाऊ नका.

परत, आणि पुढचा पूल

साडेअकरा-बाराला गावात परता, जेवा, दुपार सावलीत काढा. ट्रकमध्ये सायकली चढवण्याआधी चेन पुसून तेल द्या. इथल्या दमट हवेत रात्रभर ओली राहिलेली चेन सकाळी तांबडी दिसते.

ज्यांना जुन्या रेल्वे पुलांची गोडी लागेल त्यांनी पुढच्या खेपेला पूर्व किनाऱ्यावर केलांतानमध्ये जावं. तानाह मेराहजवळ कुसियालला केलांतान नदीवर गिलेमार्ड पूल आहे. १९२४ मध्ये तो बांधून झाला. स्ट्रेट्स सेटलमेंट्सचे गव्हर्नर सर लॉरेन्स गिलेमार्ड यांचं नाव त्याला दिलं आहे. लांबी सुमारे ६०० मीटर. डिसेंबर १९४१ मध्ये जपानी सैन्य कोटा बहारूला उतरल्यावर माघार घेणाऱ्या ब्रिटिशांनी तो उडवला आणि युद्धानंतर १९४८ मध्ये तो पुन्हा सुरू झाला. जपान्यांनी याच पूर्व मार्गाच्या काही भागातले रूळ उखडून ब्रह्मदेश-सयाम रेल्वेसाठी नेले होते.

तिथला बेत आखताना पेराकचं वेळापत्रक जसंच्या तसं उचलू नका. गिलेमार्ड पुलावरून आजही गाड्या धावतात, त्यामुळे तो काठावरून बघायचा पूल आहे. केलांतानमध्ये साप्ताहिक सुट्टी शुक्रवार-शनिवारी असते, म्हणून शांत रस्ते आणि उघडी दुकानं दोन्ही हवी असतील तर रविवारची सकाळ धरा. नोव्हेंबर ते जानेवारीत ईशान्य मोसमी पावसाने ही नदी पात्र सोडते. त्या तीन महिन्यांत तिकडे सायकल घेऊन जाऊ नका.